तळाची मूठ

तीन परस

दर रविवारी सकाळी रेवणसिद्धची सायकल लातूरच्या गोलाईच्या बाजारातून निघायची आणि मागं कॅरिअरवर मन्मथ बसलेला असायचा. मन्मथला सायकल नव्हती, आणि घ्यायचा विचारही नव्हता. "वजन माझं, घाम तुझा, रविवार दोघांचा," असं तो म्हणायचा आणि चढ आला की उतरायच्या ऐवजी रेवणसिद्धच्या पाठीवर तबला वाजवायचा.

चार मैलांवर सटवाजीचा मळा. तिघं कॉलेजात एका बाकावर बसायचे. पुढं सटवाजी शेतात गेला, रेवणसिद्ध वडलांच्या भुसार दुकानात आणि मन्मथ नोकरीचे अर्ज लिहिण्यात. रविवार तेवढा तिघांचा उरला होता. तो सगळाच्या सगळा मळ्यातल्या विहिरीवर जायचा.

विहिरीत भर उन्हाळ्यात तीन परस पाणी. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. अशी तीन माणसं खोल. वरून सूर मारायचा, तळापर्यंत जायचं आणि तिथली माती मुठीत घेऊन वर यायचं. वर आल्यावर मूठ उघडून दाखवायची. माती असेल तर खरा. मूठ रिकामी निघाली तर पुढच्या रविवारी शेंगांची चटणी त्यानं आणायची. चटणी बहुतेक वेळा रेवणसिद्धच आणायचा. त्याचा दम अर्ध्यात संपायचा.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र तो पोचला. पहिल्यांदाच. कानात घंटा वाजत होत्या, बोटं थंड गाळात रुतली, त्यानं मूठ आवळली आणि पाय झाडत वर आला. मूठ उघडली. काळी माती.

"आरं तिच्यायला!" सटवाजी वरून ओरडला. "वाण्याचं पोरगं तळ घेऊन आलं!"

मन्मथनं पायऱ्यांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. रेवणसिद्ध हसत हसत काठाला लागला, आणि हसता हसताच त्याचा हात सवयीनं गळ्याशी गेला.

दोरा होता. दोऱ्याला बांधलेलं पांढरं कापड होतं. कापडाची गाठ सुटली होती आणि आत काही नव्हतं.

त्यात काय होतं

इष्टलिंग. बोरापेक्षा थोडं मोठं, काळं, गुळगुळीत. जन्मल्यावर स्वामींनी येऊन बांधलेलं. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पूजा करायची, मग चहा. मन्मथच्या घरी ते चांदीच्या डबीत असायचं. रेवणसिद्धच्या घरी कापडात बांधायची रीत होती, कारण वडील ईश्वरप्पा म्हणायचे, देवाला कुलूप कशाला.

ते अंगावेगळं करायचं नसतं. हरवायचं तर नसतंच. उदगीरकडच्या कुणा एकाचं नदीत पडलं, तर तो शोधायला म्हणून पाण्यात गेला आणि सापडेना तेव्हा बाहेरच आला नाही, ही गोष्ट आई उमाबाई दर शिवरात्रीला सांगायची. सांगून झालं की फराळाचं वाढायची.

त्या दिवशी रेवणसिद्धनं आणखी नऊ बुड्या मारल्या. सटवाजीला वाटलं, पोराला चव लागली. शेवटी ओठ निळे पडले तेव्हा मन्मथनं त्याला दंडाला धरून वर ओढलं.

सांगावं का, असं त्याच्या मनात आलं होतं. पण मन्मथला सांगणं म्हणजे गोलाईत दवंडी देणं. आणि सटवाजीला काय सांगायचं? मी माझा देव तुझ्या विहिरीत टाकला, असं? पुढच्या रविवारी सापडेलच, असंही वाटलं. आठवडाभराचा तर प्रश्न होता.

कपडे घालताना त्यानं पायरीवरचा एक काळा खडा उचलला, कापडात ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

तीनच परस

आठवडे गेले. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गोलाईत गुलालाचा चिखल झाला, पेढ्यांच्या दुकानापुढं रांग लागली. कोर्टकचेरीच्या कामाला उस्मानाबादला मारायचे हेलपाटे संपले म्हणून ईश्वरप्पांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मूठभर साखर दिली.

"आज हिरीवर न्हाई जायचं," मन्मथ म्हणाला. त्याच्या भुवयांपर्यंत गुलाल होता. "आज मिरवणूक हाय. रोज रोज जिल्हा व्हतो का?"

"मी जातो," रेवणसिद्ध म्हणाला.

"एकटा?"

"सटवाजी हाय की तिथं."

"तळाशी बायको ठेवलीस काय बे?"

ही थट्टा पुढं तीन वर्षं टिकली. रेवण्याची तळाची बायको. कशी हाय? नाकीडोळी बरी हाय का? रेवणसिद्ध हसायचा आणि सूर मारायचा. वर्षभरात त्याच्याइतका दम कुणाचाच नव्हता. शेजारच्या मळ्यांतली पोरं त्याची बुडी बघायला काठावर बसायची. तो भिंतीच्या कडेकडेनं गाळ चाचपत जायचा, एक बाजू या रविवारी, दुसरी पुढच्या. प्रत्येक वेळी मूठभर माती आणायचा, उघडून दाखवायचा, आणि दाखवण्याआधी स्वतः बघायचा.

चटणी आता कायम मन्मथ आणायचा.

घरी सकाळी तो भिंतीकडं तोंड करून पूजेला बसायचा. खड्याला भस्म लावायचा. आई म्हणायची, पोरगं एकाग्र झालंय.

अडीच

सटवाजीच्या आईला, धोंडाबाईंना, माहूरच्या रेणुकेचा नवस फेडायचा होता. सटवाजीनं बेत काढला: तिघांनी आईला घेऊन एसटीनं नांदेड, तिथून माहूर, गड चढायचा, मुक्काम करायचा, येताना किनवटच्या जंगलातनं यायचं. चार दिवस. त्यानं दोन महिने आधीपासून ठरवलं होतं. माहूरला विड्याचा तांबूल कसा कुटतात, गडावरून ढग कसे खाली दिसतात, सगळं तो सांगायचा. स्वतः गेलेला नव्हता.

मधे एक रविवार येत होता.

रेवणसिद्धनं आदल्या दिवशी सांगितलं, दुकानात माल येणार आहे, जमणार नाही. सटवाजी, मन्मथ आणि धोंडाबाई गेले. रविवारी रेवणसिद्ध मळ्यात आला तेव्हा सटवाजीचे वडील श्रीमंतराव बांधावर बसले होते.

"तू गेला न्हाईस व्हय? सटवा म्हनला, तुला सवडच न्हाई."

"सवड मिळाली, काका. पण उशिरा."

दिवसभर तो एकटा बुड्या मारत राहिला. सटवाजीनं येताना त्याच्यासाठी तांबूल आणला. द्रोणात, केळीच्या पानात बांधलेला, तीन दिवसांत काळा पडलेला. रेवणसिद्धनं तो खाल्ला. सटवाजी त्याच्या तोंडाकडं बघत होता, चव सांगेल म्हणून.

"लई चांगलाय," रेवणसिद्ध म्हणाला.

दीड

पाऊस त्या वर्षी तोंड दाखवून गेला. पुढच्या वर्षी तेवढंही नाही.

विहिरीला दगडी पायऱ्या होत्या. पूर्वी नऊ उघड्या असायच्या. मग चौदा झाल्या. मग एकोणीस. शेवाळ वाळून त्यांच्यावर पापुद्रे धरले. श्रीमंतरावांनी ऊस मोडला. सगळा मुलूख आभाळाकडं बघत होता आणि रेवणसिद्ध पायऱ्या मोजत होता.

धोंडाबाई काठावर येऊन आत डोकावायच्या आणि कपाळाला हात जोडायच्या. "देवा, आता तरी," म्हणायच्या.

देवा, आता तरी, असंच रेवणसिद्धही म्हणत होता. त्याला पाणी आणखी उतरायला हवं होतं. धोंडाबाईंनी वाढलेली भाकरी खाताना ही गोष्ट त्याच्या घशात अडकायची. मग तो पाणी मागायचा, आणि त्या द्यायच्या.

कंबर

सूर मारायचं बंद झालं. आता पाण्यात नुसतं बसता यायचं, म्हशी बसतात तसं.

मन्मथला नव्या कलेक्टर कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. पहिल्या पगारानंतरच्या रविवारी तो आला तो स्वतःच्या नव्या सायकलवर, टेरिकॉटची पँट आणि बूट घालून. बूट काढायला तयार होईना.

"उतर की," सटवाजी खालून म्हणाला.

"ह्याच्यात? ह्याच्यात बेडकाला सर्दी व्हईना."

"तू साहेब झालास भौ."

"साहेब कसला. जावक बारनिशी लिहून हात मोडला." तो काठावरच बसला. सायकलकडं दोनदा वळून बघितलं. जाताना म्हणाला, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी कचेरीतल्या लोकांची सहल होती. त्यानंतर त्याला पाहुणे होते. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

याच महिन्यात एका सकाळी ईश्वरप्पा जेवताना म्हणाले, "यंदा श्रावणात स्वामी आपल्या घरी येताहेत. पाऊस नाही म्हणून सोमवारचा अभिषेक. घरातले सगळे ओळीनं बसतील. ते स्वतः एकेकाच्या लिंगाला पाणी घालणार."

"भाग्यच म्हणायचं," उमाबाई म्हणाल्या.

रेवणसिद्धचा घास हातातच राहिला. श्रावणाला दहा आठवडे होते. म्हणजे दहा रविवार.

घोटा

विहिरीतलं कासव काढून सटवाजीनं हौदात सोडलं. हौद दोन दिवसांत कोरडा पडला. कासव चालत कुठं गेलं ते कळलं नाही.

"गाळ काढू या," रेवणसिद्ध म्हणाला.

"आपण दोघं?"

"मग कोण?"

सटवाजी त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं बापाला हाक मारली. "आबा, बघा! वाण्याचं पोरगं गाळ उपसाया तयार हाय. आमचे सख्खे चुलते बांधावर येईनात." त्याचे डोळे भरले होते. रेवणसिद्धनं खाली वाकून टोपली उचलली.

सात रविवार. रेवणसिद्ध खाली टोपल्या भरायचा, सटवाजी दोरानं वर ओढायचा. एकेक टोपली भरायला इतका वेळ का लागतो, हे सटवाजीनं एकदाच विचारलं. "दगड बाजूला काढतोय," रेवणसिद्ध म्हणाला. तो प्रत्येक ढेकूळ बोटांनी फोडत होता.

सापडलं ते असं: पितळेचा तांब्या, चेपलेला. दोन विळे. मन्मथची डाव्या पायाची चप्पल, जिच्यावरून तो एकदा मळ्यातून रडत गेला होता. मोटेची कडी. सटवाजीचा भोवरा, लहानपणीचा. बांगड्यांच्या काचा. खूप काळे खडे. इतके काळे खडे, बोराएवढे, गुळगुळीत, की प्रत्येक खडा तो अंगठ्यानं पुसून बघायचा.

आता फक्त पूर्वेकडचा कोपरा उरला होता. जास्तीत जास्त चाळीस टोपल्या. त्या दिवशी जिथून तो वर आला होता तो कोपरा त्यानं शेवटी ठेवला होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तिथं नसलं तर मग कुठंच नाही, म्हणून असेल.

भराव

आठव्या रविवारी तो आला तेव्हा विहिरीचा तळ झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता.

श्रीमंतराव खुशीत होते. "अरे रेवणा, कामच झालं! नव्या कचेरीच्या आवारात खड्डा भरायचाय म्हनं. गुरुवारी तिथल्या ठेकेदाराची मानसं आली, ट्रॅक्टर घिऊन. काठावरचा समदा गाळ नेला आन आतला बी खरवडून नेला. एक पैसा न्हाई पडला. तुमा पोरांचा तरास वाचला."

रेवणसिद्ध सायकलवर बसला तो थेट शहराकडं. सटवाजी मागून हाका मारत होता.

कचेरीचं आवार मोठं होतं. खड्डा कुठं होता ते आता दिसत नव्हतं. काळ्या मातीवर लाल मुरूम पसरला होता, मुरमावर रोलर फिरून गेला होता, आणि रोलर कडेला कडुनिंबाखाली उभा होता. त्यानं टाचेनं उकरून बघितलं. टाच दुखली.

"ए! तिथं काय करून राहिलास?" पहारेकरी ओरडला.

"काही पडलं होतं माझं."

"कवा?"

रेवणसिद्धनं सायकल वळवली.

कोरडं

दुपारी तो मळ्यात परत गेला. सटवाजी विहिरीच्या तळाशी बसला होता, कारण मळ्यात सावली तेवढीच उरली होती. रेवणसिद्ध पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी बसला आणि सगळं सांगितलं. मे महिन्यातली ती पहिली मूठ, कापडाची गाठ, पायरीवरचा खडा.

सटवाजी भोवरा हातात फिरवत होता.

"म्हंजे तीन वरसं झाली."

"हाव."

"तवा आपल्याकडं दोन इंजिनं व्हती, रेवण्या."

रेवणसिद्ध त्याच्याकडं वळला.

"सकाळी दोन्ही लावली असती तर तिसऱ्या प्रहराला तळ उघडा पडला असता. आबा एका शब्दानं न्हाई म्हनले नसते. पाणी काय, तवा चिक्कार व्हतं. चार रोजात पुन्हा भरली असती हीर." तो थांबला. "एका दिवसाचं काम व्हतं. येका दिवसाचं."

वर काठावर एक होला येऊन बसला, आत डोकावला आणि उडून गेला.

"माहूरला बी त्याच्यासाठीच आला न्हाईस."

"हाव."

"आन ते गाळ काढणं."

रेवणसिद्धनं मान खाली घातली.

"म्हंजे तू पोहायला कधी येतच नव्हतास."

"तसं न्हाई रे."

"मग कसं हाय? सांग की. मी मायला सांगायचो, रेवण्याला आपली हीर लई आवडती. जिल्ह्याची मिरवणूक सोडून आला, म्हनायचो. पाहुण्यारावळ्यांत सांगायचो मी हे." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तू आमच्यात बसून भाकर खाल्लीस आन आमची हीर आटायची वाट बघितलीस."

तसं न्हाई, हे शब्द रेवणसिद्धच्या तोंडात पुन्हा आले. त्यानं मागचे रविवार आठवून बघितले. एक तरी असा असेल ज्यात तो नुसता पोहला होता, ज्यात हात आपोआप तळाकडं गेला नव्हता. मे महिन्याच्या आधीचे आठवले. नंतरचा एकही आठवला नाही.

सटवाजी उठला. भोवरा त्यानं खिशात घातला आणि पायऱ्या चढून गेला. वरून म्हणाला, "सांभाळून ये. सातवी पायरी हलती." एवढंच.

सोमवार

स्वामी म्हातारे होते, कर्नाटकातले, मराठी अडखळत बोलायचे. घरातले सात जण ओळीनं बसले, डावे तळहात पुढं करून. बायका आरती म्हणत होत्या. स्वामी एकेकाच्या हातावर पळीनं पाणी घालत रेवणसिद्धपर्यंत आले. एक पळी घातली. थांबले. दुसरी घातली.

खडा पाणी पीत होता. इतरांच्या हातांवरचं काळं तुळतुळीत चमकत होतं आणि हा पाणी घालताच कोरडा दिसत होता.

स्वामींनी वाकून, आरतीच्या आवाजाखाली विचारलं, "हे कुठलं?"

"विहिरीतलं."

"आणि ते?"

"विहिरीत गेलं."

स्वामींनी मान हलवली आणि पुढच्याच्या हातावर पाणी घातलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी त्याला एकट्याला देवघरात बोलावलं आणि कधी गेलं ते विचारून घेतलं. पिशवीतून नवं लिंग काढलं. भस्म लावलं, कानात मंत्र सांगितला, नव्या कापडात बांधून गळ्यात घातलं. स्वामींचा चहा निवायच्या आत सगळं उरकलं.

"यंदा तू सातवा," ते म्हणाले. "विहीर आटते, सापडत नाही, मग लोक येतात. आधी कोणी येत नाही."

"सापडलं असतं तर, स्वामी?"

"तीन वर्षं अंगावेगळं राहिलं ना? सापडलं तरी आम्ही ते पुन्हा बांधलं नसतं. नवंच दिलं असतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुझ्या आईला सांगू?"

"नको."

"बरं. नाही सांगत."

रविवार

सकाळी त्यानं सायकल काढली. काढायचं काही कारण नव्हतं. कॅरिअर रिकामं होतं, चढावर पायडल हलकं लागत होतं. अर्ध्या वाटेवर तो उतरला आणि उरलेला चढ सायकल हातात धरून चालला.

मळ्यात धोंडाबाई शेणाच्या गोवऱ्या उलथत होत्या.

"सटवा न्हाई रे लेकरा. बुधवारी गेला देगलूरला, मामाच्या आडतीवर. हितं काय करावं त्यानं. तुला बोलला न्हाई?"

"बोलला असंल. मीच इसरलो."

"पाणी पितोस?"

त्यांनी अर्धा तांब्या दिला. तो चेपलेला पितळेचा तांब्या होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

तो विहिरीशी गेला. चौतीस पायऱ्या. सातवी हलली. तळाशी उघडा कातळ होता, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात दोन दगडांच्या फटीत ट्रॅक्टरवाल्यांच्या फावड्यातून सुटलेली थोडी माती. त्यानं बोटं घालून ती काढली. चाचपून बघितली नाही. नुसती मूठ आवळली, चौतीस पायऱ्या चढला, काठावर आला आणि सवयीनं हात वर करून मूठ उघडली.

माती होती. वाळून पिठासारखी झालेली. वाऱ्यानं ती बोटांमधून जायला लागली. पुढच्या रविवारी चटणी कुणी आणायची ते ठरवायला वर कुणी नव्हतं.